निळा दोरा

रुकडी सुटली, की ही चपला घालून दाराशी उभी.
अजून पंचगंगेचा पूल यायचा आहे.

हॉलमध्ये एसी, चहा, वहीत सह्या.
तिसऱ्या भिंतीवर मी :
तासाला बारा रुपये, हलायचं नाही,
खोकला आला तर गिळायचा,
त्या वर्षीचा मी.
खाली लिहिलंय, 'वृद्ध'.
तेव्हा सत्तेचाळीस होतो.

ही चेहऱ्याकडे बघतच नाही.
चष्मा पुसून थेट बाहीशी जाते.
पोरगं ओरडतं, हात लावू नका मावशी.
"न्हाई लावत. टाका बघालोय.
पांढरा दोरा संपला हुता, निळ्यानं शिवलं.
त्यानं निळाच काढलाय."

साडेपाचची मिरज पॅसेंजर.
जयसिंगपूर येईस्तोवर
हिनं आजच्या शर्टाची बटणं ओढून बघितली.
एक सैल निघालं.