अंडं कुठल्या विषयात येतं

अर्जात आठ रकाने आहेत.
सगळ्यात हवंसं ते वर, मग उतरत्या क्रमानं.
पाच जुलै, दुपारी बाराला अर्ज बंद,
आणि आत्ता पावणेनऊ झालेत.
योर्डिसनं आठवा रकाना आधी भरलाय: तत्त्वज्ञान.
'आईला चिडवायला,' म्हणते.

वरचे सात कोरे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा यंत्रहात:
शाळेच्या भंगारातल्या मोटरी, छापलेली प्लास्टिकची बोटं,
मनगटाशी माझ्या जुन्या सायकलची ब्रेकची तार.
कालपासून तो अंडी उचलतोय.
म्हणजे फोडतोय.

पहिलं चिरडलं. पकड जास्त झाली,
हे मेकॅनिकलवाल्यांचं, ती म्हणाली.
दुसरं निसटलं. मोटरला निरोप उशिरा पोचला,
इलेक्ट्रॉनिक्स.
तिसऱ्याच्या वेळी कॅमेरा गोंधळला
आणि अंडं सोडून हात माझ्या टकलाकडे वळला.
हे कॉम्प्युटरचं. नाहीतर नुसतं गणिताचं.
चौथं मुळात तडकलेलंच होतं, दुकानातून आलं तेव्हापासून.
ते कुठल्या विद्यापीठात शिकवतात
ते तिला सापडलं नाही.

'मोर्फार, तू असतास तर काय घेतलं असतंस?'

आईच्या बापाला असले प्रश्न विचारू नयेत.
मी सोळाव्या वर्षी गोदीत शिरलो,
ठिणग्यांनी बाहीला पडलेली भोकं ही माझी पदवी.
म्हाताऱ्या बेंटनं माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला
आणि सात महिने उचलला नाही.
मग एका मंगळवारी उचलला, आणि चहा प्यायला गेला.
हात बसला म्हणजे काय,
ते मला त्याच्या पाठीकडे बघून कळलं.

पुढे नारिंगी रोबो आला.
त्याच्यासोबत एक चष्मेवाला पोरगा,
दोन पदव्यांचा,
तरी त्याचं वेल्डिंग कोपऱ्यात उकलायचंच.
शेवटी माझ्याजवळ बाकावर येऊन बसला.
कोपऱ्यात तुम्ही नेमकं काय करता?
मी म्हटलं, श्वास धरतो.
त्यानं वहीत लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
तीन आठवड्यांनी रोबो कोपऱ्याशी
एवढासा, कळेल न कळेल असा, थांबायला लागला.

त्या हिवाळ्यात चाळीस जण घरी बसले.
मला ठेवून घेतलं, रोबोवर नजर ठेवायला.
कार्ल-ओवे पुढे माझ्याशी कधी बोलला नाही,
बेकरीच्या रांगेत समोर आला तरी.
हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
आज अंड्यांच्या नादात बोलून गेलो.

योर्डिस गप्प. बोटाला लागलेला बलक पुसत राहिली.
मग म्हणाली, 'त्या मुलाच्या दोन पदव्या कुठल्या होत्या?'

मला आठवेना.
वही आठवते. चौकटींची,
आणि 'श्वास'वर उमटलेला
ग्रीसचा अंगठा, माझा.

साडेअकरा.
पहिल्या रकान्यात तिनं ओडेन्स लिहिलं, रोबोटिक्स.
इथून सायकलनं वीस मिनिटं.
पुसलं. ऑल्बोर्ग लिहिलं.
पुसलं नाही, पण माझ्याकडे पाहिलं.
मी बशीतली टरफलं मोजायला घेतली,
अकरा अंड्यांची टरफलं कशी मोजतात कुणास ठाऊक.

बारावं उरलं होतं.
यंत्रहात खाली आला. कोपरापाशी
एवढासा थांबला
(हे तिनं कधी घातलं? काल रात्री? आत्ता?)
आणि अंडं उचललं, सबंध.
आम्ही दोघंही ओरडलो नाही.

'आता ठेव,' ती म्हणाली.
हात हलेना.
धरायचं कसं ते शिकवता शिकवता
सोडायचं कसं ते लिहायचंच राहिलं होतं.

बाराला नऊ मिनिटं.
मी अंड्याखाली तळवा धरला,
हल्ली तो थरथरतो, पण धरला.
'तू अर्ज पाठव,' म्हटलं,
'इथं मी आहे.'