सातशे मिली

प्लॅस्टिकच्या मापावरच्या रेघा पुसट झाल्या
तेव्हा मी नेलपॉलिशनं नव्या ओढल्या.
दिवसाला सातशे मिली. चहा, आमटी, ताक धरून.
गोळ्या गिळायला लागतं तेही त्यातच.

वैशाख होता. खणभागात कुत्रंही रस्त्यावर नव्हतं.
पोलिसांची गाडी तेवढी भोंगा लावून फिरायची,
घरात राहा, हात धुवा.
अण्णा म्हणाले, "धुवा म्हणालाय. हितं चाटायला मिळंना."

एकतीस वर्षं पालिकेच्या पाण्याची चावी त्यांच्याकडं होती.
पहाटे साडेपाचला सायकलला लोखंडी दांडा बांधून जायचे,
झाकण उचलायचे, अकरा फेरे,
की गल्लीभर घागरी वाजायला लागायच्या.
बायका भांडायला यायच्या : आमच्याकडं दहा मिनिटं कमी.
ते सगळं ऐकून घ्यायचे.
वेळ संपली की चावी उलटी फिरायची.

आता चावी माझ्याकडं.
"दहा मिली. फक्त दहा, त्रिशला."
मी ऐकून घेते.
मग फ्रीजमधून बर्फाचा एक खडा काढते
आणि तोही वहीत लिहिते.

मंगळवार, शुक्रवार मिरज.
शीतल बेळगावात अडकलेले, सीमा बंद,
म्हणून स्कूटी मी चालवायची.
मागं अण्णा, डाव्या हातावर टॉवेल.
त्या हातात शीर जोडलीय,
बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरतं.
नाक्यावर पोऱ्यासारखा हवालदार पास उलटासुलटा बघत म्हणाला,
"पेशंटला तोच का?"
"नाही. दुसरा आजार."
"अजून दुसरे पण आहेत व्हय?"
चेष्टा नव्हती. खरंच विसरला असावा.

आत फक्त पेशंट. मी चिंचेखाली चार तास.
तीन नंबरच्या मशिनवरचे कुरणेकाका ज्येष्ठात दिसेनात.
कुणी विचारलं नाही.
खुर्चीला दोन दिवस फवारणीचा वास होता, अण्णा सांगत होते,
मग तिथं शाळेतली एक पोरगी बसायला लागली,
पायाचे अंगठे हलवत.

सासूबाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतात, जन्मभर,
त्यातल्या जीवांना इजा नको म्हणून.
हल्ली अण्णांसमोर पीत नाहीत.
तांब्या घेऊन मागच्या दारी जातात,
भिंतीकडं तोंड करून पितात,
चोरी केल्यासारख्या.
त्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या पुराची रेघ आहे.
माझ्या खांद्याला लागते.

एकदा पहाटे नळाचा आवाज आला.
धावत गेले, बोलायचं ते सगळं जिभेवर घेऊन.
मोरीत अंधार. नळ पूर्ण सोडलेला.
अण्णा धारेखाली नुसता हात धरून उभे.
मी त्यांचे ओठ बघितले, बॅटरी मारून,
इतकी खाली उतरले होते मी.
कोरडे होते.

"पीत नाही गं. प्रेशर बघालोय.
बारा मिनिटं उशीर. आणि चावी अर्धीच फिरलीय.
नवं पोरगं आहे.
तोंडाला फडकं बांधून दम लागत असेल त्याला."

नळ त्यांनीच बंद केला.
ओला हात पुढं धरून,
काही सांडू नये अशा बेतानं
अंथरुणापर्यंत गेले.

पुसू दिला नाही.