पुलाचा जिल्हा

नोकरी लागली, डिस्ट्रिक्टमध्ये, असं फोनवर सांगितलं
तर मामा म्हणाला, वा! कलेक्टर कचेरीत?
कसं सांगू त्याला,
या जिल्ह्याला तालुके नाहीत, तलाठी नाही,
सातबाऱ्यावर चढेल अशी जमीनही फारशी नाही.
एक पूल आहे. बसगाड्या आहेत, थोड्या बोटी.
बाकी पाणी, आणि दुपारनंतर धुकं.

सॅन रफाएल, गुरुवार, संध्याकाळचे सहा.
घडीच्या खुर्च्या, निवत चाललेली कॉफी,
भिंतीवर मी केलेली स्लाइड : पुढची तीस वर्षं.
तिच्यावर चार रंगांचे बाण.
निळा बाण बोटींचा, तो पाण्यातच संपतो,
हे मला आत्ता दिसतंय, सगळ्यांसमोर.

प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्या हातात.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.

वेंडेल प्रुडम उठले, निवृत्त हिशेबनीस,
कागदाच्या घड्या सरळ करत म्हणाले :
पूल बांधायला कर्ज काढलं, ते फिटलं.
पूल उभा आहे. आता तुम्ही कशाला?
टोल आमचा, आणि बस कुणाची?
टाळ्या पडल्या, बऱ्याच.
गरज सरो, वैद्य मरो, मी मनात म्हटलं,
पण म्हणीला तीन मिनिटांत उत्तर नसतं,
आणि अध्यक्षबाई चष्मा पुसत होत्या.

मग एउलालिया बात्झ.
पलीकडच्या शहरात ऑफिसं पुसते.
तिचं बोलणं स्पॅनिशमधून इंग्रजीत
आणि माझ्या आत मराठीत,
दोनदा होडी बदलून आलं :
माझी पाळी सुटते बाराला.
शेवटची बस पावणेबाराला.
पुढची पहाटे पाचला.
एवढंच.

चाळीस सेकंद झाली होती.
दुभाषी बसला. ती बसली नाही.
राहिलेली मिनिटंही माझीच ना, म्हणाली,
मी थांबते. सवय आहे.

आणि थांबली.
पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून,
जशी कुणी थांब्यावर उभी राहते,
रस्त्याच्या ज्या अंगाने दिवे यायला हवेत तिकडे बघत.
तिकडे माझी स्लाइड होती.

एवढा वेळ कुणी गप्प बसलेलं
त्या सभागृहाने पाहिलं नसावं.
कुणीतरी खोकलं. प्रुडम यांनी कागद पुन्हा घडी केला,
मग उगाच मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
पिवळा.
मला वाटलं, लाल दाबूच नये.
दाबला.

कार्यवृत्तात शांततेसाठी रकाना नसतो.
मी लिहिलं :
श्रीमती बात्झ यांनी आपली तीन मिनिटे पूर्ण वापरली.
विषय पुढील सभेकडे.

खुर्च्या रचून, दिवे घालवून
गाडी काढली तेव्हा दहा वाजून गेले होते.
ती आता तिकडे असेल, चौदाव्या मजल्यावर,
बादलीत पाणी भरत.
मी रिकाम्या रस्त्यावर उगाचच
तिच्या थांब्यापाशी गाडी हळू केली.
बाकावर कुणी नव्हतं.
वेळापत्रकाच्या काचेआड
माझ्याच खात्याची सही.