सतराशे ऐंशी

हरारच्या शिंप्यांच्या गल्लीत
यंत्रांच्या खडखडाटात बसून
अब्दुलनासिर थेलर पारखतो.
आधी पायरीच्या दगडावर वाजवून घेतो,
मग डोळे मिटून अंगठा फिरवतो
राणीच्या खांद्यावरच्या पदकावरून:
मोती नऊ हवेत. हाताला लागले सात.
दोन झिजलेत, म्हणतो, बरंय.
खोट्यात सगळेच ठळक असतात.

फेतियाबाईंचं नाणं गळ्यातलं.
राणी गुळगुळीत, नाक गालात बुडालेलं,
मागच्या गरुडाची पिसं मात्र जशीच्या तशी.
"राणी आतल्या बाजूला असायची ना?"
बाई ओढणी सावरतात.
"घाम खारट असतो," एवढंच.

वरची कडी कुणीतरी काढलीय,
डाग कानशीनं घासून टाकलाय.
तो भिंग लावतो, च्यक् करतो,
वहीत लिहितो: डागडुजी.
प्रत एक पायरी खाली.

"पण जुनं किती?"
"ते नाण्याला विचारू नका.
राणी गेली त्या सालाचा छाप
पुढे दीडशे वर्षं मारत राहिले,
व्हिएन्नात, रोमला,
काही तर मुंबईच्या टांकसाळीत.
सगळी सतराशे ऐंशीचीच."

बाई हसतात. पिशवीतून ओळखपत्र काढतात.
"कारकून आला तेव्हा दुपार कलली होती.
आमच्या अख्ख्या गल्लीला त्यानं
एकच जन्मसाल लावलं.
मला, आणि माझ्या लेकीलाही."

अब्दुलनासिर कार्ड हातात घेतो,
कडेवरून अंगठा फिरवतो, सवयीनं.
मग नाण्याचा भाव सांगतो.

बाई दुप्पट मागतात.