रिकामी चालते

गोल्फच्या हिरवळीसाठी घडवलेली गाडी
नागपूर स्टेशनवर म्हाताऱ्यांचे गुडघे वाहते.
शालिकराम म्हणाला, "मधातच थांबते, भाऊ.
काहून, ते तिलेच मालूम."

मी आलो की मात्र चालते.
फलाट एकच्या टोकापर्यंत गेली, वळली, आली,
पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी शहाणी.

आठही बॅटऱ्या मोजल्या, अठ्ठेचाळीसच्या वर काटा.
टर्मिनलचा हिरवट बुरा सोड्यानं धुतला.
पायडलखालचा स्विच: टक.
सोलेनॉइड: टक.
आणि दुपारी तिघं सामानासकट बसले
की गप्प. टकही नाही.

तीन दिवस हेच.
मे महिना, शेचाळीस अंश,
उन्हात ठेवलेला पाना फडक्याशिवाय उचलवत नाही.

चौथ्या दिवशी म्हटलं, "शालिक, तू मागं बैस."
"मी?" तो हसला. "अकरा वर्षं झाले,
मागं कधी बसलो बे मी?"
बसला.
सीटच्या काठावर, टोपी मांडीवर घेऊन,
विनातिकीट सापडल्यासारखा.
"टेकून बैस नं."
टेकला.
मी पायडल दाबलं.
काही नाही.

सीटखाली, चौकटीच्या कडेला चिमटलेली
एक काळी वायर.
वरून धड, आत तार तुटलेली.
वजन पडलं की सुटायची,
माणूस उठला की जुळायची.

नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली,
कडेपासून चार बोटं दूर बांधली.
"झालं. उतर आता."

शालिकराम उतरला नाही.
टोपी डोक्यावर ठेवली, पाय लांब केले,
"पार्सल ऑफिसपर्यंत ने नं," म्हणाला,
"हळू."