तिसऱ्या घंटेआधी

चाळीस वर्षं मी उजेड पाडला
परळच्या या थिएटरात, बाल्कनीमागच्या खोपटातून.
(पाडला म्हणजे अक्षरशः.
दुसऱ्या अर्थाचा माझ्या बायकोला विचारा.)
आता एक पोरगा येतो, कॉम्प्युटर उघडतो,
सूर्य मावळवतो एका बोटानं.

मला कमिटीनं माइक दिला.
"दिगसकर, नाटक तुम्हाला पाठ आहे.
ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात सांगत चला
काय चाललंय ते, दोन संवादांच्या फटीत."
अकरा हेडफोन आले. चालतात सात.

पहिल्या प्रयोगाला मी फार बोललो.
संध्याकाळ, केशरी प्रकाश,
डावीकडून, चाळीस टक्के...
मध्यंतरात नूतन घाडीगावकर आल्या
एका हातात काठी, एका हातात वडा.
"तुम्हीच का ते रेडिओवाले?
केशरी असू दे हो. टक्के तर असूच देत.
ऊन कुणाच्या अंगावर आहे, ते सांगा.
आणि ती पोरगी गप्प बसली
की तुम्हीपण बसा."

रात्रभर वही खोडत बसलो.
चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
दिग्दर्शकानंसुद्धा.
शेवटी एवढंच उरलं:
ऊन बापाच्या पाठीवर. मुलगी सावलीत.

पुढच्या खेपेला तासभर आधी बोलावलं सातही जणांना,
थेट रंगमंचावर. म्हटलं, हात लावून बघा.
फोनची वायर कुठेच जात नाही.
खिडकीला काच नाही.
शालीला डांबरगोळ्यांचा वास.
आणि नूतनबाई केवढ्यानं हसल्या,
"अगं बाई, भिंत कापडाची!"
त्या भिंतीला पाचशे डोळस माणसं रोज फसतात.
यांना आधीच कळलं होतं,
आणि तरी तिसऱ्या अंकात
बाप त्याच कापडावर डोकं टेकतो तेव्हा
पदर डोळ्यांना गेला. मी वरून पाहिलं.
माइक हातात होता. काही बोललो नाही.

हिराजी तांडेलचं वेगळं.
त्याला दिसतं, ऐकू येतं, तोंडही भरपूर आहे.
वरळी कोळीवाड्यातून चाकाच्या खुर्चीत आला
आणि दाराशी आठ पायऱ्या.
डोअरकीपर नि चहावाला उचलायला धावले.
"खाली ठेवा. मी गणपती नाय.
वाजतगाजत आणाल
आणि दीड दिवसानं बुडवाल."
गेला परत, तिकीट खिशात घेऊन.
त्या दिवशी माझी दोन वाक्यं चुकली.

मग रॅम्प झाला. नारळ फुटला, फीत कापली,
विश्वस्तांचे फोटो छापून आले.
पंधरा दिवसांत त्यावर कुंड्या. क्रोटनच्या, सहा.
"वापरतंय कोण? तेवढीच शोभा," वॉचमन म्हणाला.
म्हणून मी हल्ली साडेतीनलाच येतो,
आधी कुंड्या सरकवतो, मग कंबर धरून जिना चढतो.
रात्री त्या पुन्हा जागेवर. कोण आणतं, माहीत नाही.

काल चार झाल्या होत्या.
मागे चाकांचा आवाज.
"ऱ्हावू द्या दिगसकर, पाचवी माझी."
पायाच्या पट्टीनं ढकलली. फुटली.
माती रॅम्पभर. तो त्या मातीवरनंच वर आला,
दोन ओले पट्टे लॉबीच्या लादीवर उमटवत.

आत त्याला जागा कुठे,
याचा ठराव अजून झालेला नाही.
तो शेवटच्या रांगेशी, वाटेतच थांबला.
डोअरकीपरनं टॉर्च मारला, तोंड उघडलं,
तेवढ्यात तिसरी घंटा.

मी माइक जवळ ओढला.
सात कानांत म्हणालो:
"पडदा अजून उघडलेला नाही.
एक माणूस आत आलाय.
उजेड त्याच्या अंगावर आहे."