कार्दोन

एउलालिया चिनेआ आधी परसातल्या झाडावर सुरी मारते.
पाणी येतं. बुळबुळीत, बिनरंगाचं.
मग बांधापलीकडच्या झाडावर:
दूध. पांढरं, भळभळ.
"डोळ्याला हात नको लावूस," ती बजावते,
"माझ्या बापाचा उजवा डोळा ह्यानंच नेला."

दोन्ही खांबासारखी सरळ, दोन्हींना कंगोरे, दोन्हींना काटे,
दोन्ही अंगावर पान न घेता उन्हात उभी.
तेनेरिफेच्या ह्या करपलेल्या उतारावर
दोघांना एकच हाक: कार्दोन.
माझी भाषा तरी कुठे शहाणी?
तीही दोघांना निवडुंग म्हणून मोकळी होते.

दुधाचं झाड इथलंच.
पाण्याचं, तिच्या भावानं, निकासिओनं
व्हेनेझुएलाहून धाडलेलं, ओल्या गोणपाटात बांधून.
मग भाऊ पत्रापत्रानं आटत गेला.

बेचाळीस वर्षांनी दोघं आले, एकाच आठवड्यात.
पहिला दारात उभा राहिला
आणि तिच्या हातची परात पडली:
तेच नाक, त्याच भिवया,
डाव्या पायावर तोच भार.
"आत्या," म्हणाला. तिनं पान वाढलं.

दुसरा, विल्मेर, बुटका, रुंद चेहऱ्याचा,
केसांत सिमेंटची धूळ,
चिठोऱ्यावरचं गल्लीचं नाव दाखवत
भाड्यानं खोली मिळेल का विचारत होता.
कुणाचाच वाटेना.

बंदरावरच्या शाळेत
देवमाशाचं एक वल्हं टांगलंय, नुसती हाडं.
लहानपणी तिनं त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला होता.
पाच बोटं. पेरं जास्त, पण बोटं पाचच.
पोहायला गेला तरी हात तो हातच,
असं ती म्हणते, आणि सुरी पुसते.

एका रात्री विल्मेर ताटल्या विसळत होता.
दिव्याखाली त्याची करंगळी
शेवटच्या पेराशी आत वळलेली.
तिची तशी. बापाची तशी.
निकासिओची तर अंगठी अडकायची.
ती काही बोलली नाही.
भाडं मात्र त्या महिन्यापासून घेतलं नाही.

"आणि तो पहिला? हाकललास?"
"कशाला?" ती म्हणते,
"कोरड एकच असली की तोंडं सारखी होतात.
जेवत होता बिचारा."

माझ्या अंगठ्यावर दूध वाळत चाललंय.
डोळा खाजतोय.
मी हात पाठीमागे धरून उभा.